विमान निवृत्त होते, तेव्हा नेमके काय संपते?

देवनहळ्ळी (बंगळुरू) : नोव्हेंबर 2025 च्या मध्यास कोलकाता विमानतळावरून एक विमान बंगळुरूकडे रवाना झाले, ते ट्रेलरवर लादून, रस्त्याने. ‘व्हीटी-ईएचएच’ या नोंदणी क्रमांकाचे हे बोईंग 737-200 जातीचे विमान 1982 मध्ये इंडियन एअरलाइन्सच्या ताफ्यात दाखल झाले होते. पुढे ते अलायन्स एअरकडे गेले, नंतर मालवाहू रूपात टपालाची ने-आण करू लागले आणि 2012 मध्ये सेवेतून काढण्यात आले. त्यानंतर तेरा वर्षे ते कोलकात्यातच उभे होते. दरम्यान एअर इंडियाचे खासगीकरण झाले, मालमत्तेच्या याद्या तयार झाल्या आणि त्या याद्यांतून हे विमान चक्क सुटले. विमानतळ प्रशासनाने ते हटविण्यास सांगितले, तेव्हा कुठे हे आपलेच विमान असल्याची जाणीव कंपनीस झाली. जागेच्या भाड्यापोटी सुमारे एक कोटी रुपये मोजावे लागले. आता विमान देखभाल अभियंत्यांच्या प्रशिक्षणासाठी त्याचा उपयोग होणार आहे.

एका मार्गिकेचे छोटे विमान असे विस्मरणात जाऊ शकते. प्रवासी कक्षात दोन मार्गिका असणारे, ज्यास विमान व्यवसायात ‘वाइड-बॉडी’ म्हणतात असे रुंद बांध्याचे विमान मात्र विसरणे कठीण. बोईंग 747-400 उड्डाणाच्या वेळी कमाल सुमारे 397 टन वजनाचे असते आणि उभे राहिले तरी विमानतळाची मोठी जागा अडवते. तरीही दोन्ही बाबतींत प्रश्न एकच उरतो : विमानाचे आयुष्य संपले, हे कोण आणि कशाच्या आधारे ठरवते?

या प्रश्नाची बरीचशी उत्तरे देवनहळ्ळी येथील केम्पेगौडा आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या परिसरात मिळतात. मे 2008 मध्ये सुरू झालेल्या या विमानतळाने अल्पावधीत रुंद बांध्याच्या विमानांचे अनेक चढउतार पाहिले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये किंगफिशर एअरलाइन्सने येथून लंडनसाठी एअरबस ए330 विमानाने सेवा सुरू केली. चार वर्षांनी कंपनीच बंद पडली. जानेवारी 2021 मध्ये महिला वैमानिकांच्या चमूने सान फ्रान्सिस्कोहून न थांबता आणलेले एअर इंडियाचे बोईंग 777-200 एलआर येथेच उतरले. ऑक्टोबर 2022 पासून एमिरेट्सचे दुमजली एअरबस ए380 दुबईहून येथे येऊ लागले. आणि याच परिसरात सुमारे 35 एकरांवर एअर इंडियाचे भव्य देखभाल केंद्र उभे राहत आहे.

विमानाचे वय माणसाप्रमाणे वर्षांत मोजले जात असले, तरी अभियंत्यांच्या लेखी ते गौण असते. त्यांच्या नोंदवहीत दोन आकडे महत्त्वाचे : उड्डाणाचे एकूण तास आणि उड्डाणांची एकूण संख्या. एक उड्डाण व एक अवतरण मिळून एक आवर्तन. सुमारे 35 हजार फुटांवर बाहेरची हवा विरळ असते, तर आत प्रवाशांना श्वास घेता यावा म्हणून हवेचा दाब वाढवून ठेवलेला असतो. या फरकामुळे विमानाच्या धातूच्या कवचावर दर चौरस मीटरला सुमारे सहा टनांचा ताण येतो. विमान उतरले की तो नाहीसा होतो. फुगा फुगवावा आणि हवा सोडावी, तसा हा खेळ प्रत्येक उड्डाणात होतो. पत्रा वारंवार वाकविल्यास अखेर तुटतो, त्याच न्यायाने या आवर्तनांतून धातूस सूक्ष्म तडे जातात. त्यास धातूचा थकवा म्हणतात.

म्हणूनच मुंबईहून न्यूयॉर्कला पंधरा-सोळा तास उडणारे विमान आणि मुंबईहून बंगळुरूला दीड तासात पोहोचणारे विमान यांची झीज निराळी. पहिल्याच्या खात्यात दिवसाकाठी फार तर दोन आवर्तने जमा होतात, दुसऱ्याच्या खात्यात पाच-सहा. बोईंगने 747 ची रचना करताना किमान 20 हजार उड्डाणे आणि 60 हजार तास हे उद्दिष्ट ठेवले होते. 737 साठी ते 75 हजार उड्डाणे आणि 51 हजार तास असे होते. दिवसाला दोन उड्डाणे या हिशेबाने लांब पल्ल्याच्या 747 ला वीस हजारांचा आकडा गाठण्यास सत्तावीस वर्षे लागतील. जपानमध्ये अत्यंत वर्दळीच्या देशांतर्गत मार्गांवर 747 चालविण्याचे ठरले, तेव्हा याच कारणासाठी बोईंगला तिचा सांगाडा मुद्दाम अधिक मजबूत करून द्यावा लागला.

या आकड्यांकडे दुर्लक्ष झाल्यास काय घडते, हे 28 एप्रिल 1988 रोजी हवाई बेटांवर दिसले. अलोहा एअरलाइन्सच्या बोईंग 737-200 विमानाच्या छताचा सुमारे साडेपाच मीटर लांबीचा भाग भर उड्डाणात उडून गेला. हवाई कर्मचारी असलेली एक महिला बाहेर फेकली गेली व मृत्युमुखी पडली. वैमानिकांनी विमान उतरविले, हे आश्चर्यच. ते विमान अवघे एकोणीस वर्षांचे होते. परंतु बेटाबेटांमधील छोट्या फेऱ्यांमुळे त्याची 89,680 आवर्तने झाली होती. खारट हवेने सांध्यांना गंज चढला होता तो वेगळाच. या दुर्घटनेनंतर वृद्ध विमानांच्या तपासणीचे जागतिक नियम कठोर झाले. अमेरिकेच्या नियामकांनी नोव्हेंबर 2010 मध्ये प्रत्येक मोठ्या विमानासाठी उत्पादकाने तास व आवर्तनांची अंतिम मर्यादा जाहीर करावी, असा दंडक घातला. ती ओलांडल्यावर विमान उडवता येत नाही.

गंमत अशी की, रुंद बांध्याची बहुसंख्य विमाने या मर्यादेजवळ पोहोचतही नाहीत. त्यांना निवृत्त करतो तो जमाखर्च.

याचे बोलके उदाहरण ए380 चे आहे. जगातील पहिले ए380 ऑक्टोबर 2007 मध्ये सिंगापूर एअरलाइन्सला मिळाले. दहा वर्षांचा भाडेकरार संपल्यावर कंपनीने ते व त्यापाठोपाठ मिळालेले दुसरे विमान मालकांस परत केले. त्यांना नवा भाडेकरू मिळाला नाही. अखेर फ्रान्समध्ये नेऊन दोन्ही विमाने सुट्या भागांसाठी मोडण्यात आली. ऐन उमेदीतील, तांत्रिकदृष्ट्या निर्दोष विमानांची ही गत झाली, कारण चार इंजिनांचे इंधन आणि पाचशेच्या आसपास आसने रोज भरण्याची चिंता कोणासच नको होती. त्याच जातीची विमाने एमिरेट्स मात्र नफ्यात चालवते आणि त्यांपैकी एक देवनहळ्ळीला येते. विमान तेच, व्यवसाय वेगळा.

भारतातील याच स्वरूपाची, परंतु अधिक दीर्घ कहाणी एअर इंडियाच्या जंबो जेटची. 1971 मध्ये ‘एम्परर अशोक’ हे पहिले 747 मुंबईत दाखल झाले. पुढील विमानांनाही सम्राटांची व राजांची नावे मिळाली. 1980 च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या एकाचे नाव ‘शिवाजी’ होते. 1993 पासून 747-400 ही सुधारित आवृत्ती येऊ लागली, तेव्हा नावे स्थळांची देण्यात आली : कोणार्क, तंजावर, खजुराहो, अजंठा, आग्रा आणि वेल्हा गोवा. आखाती देशांत नोकरीस जाणाऱ्यांपासून हज यात्रेकरूंपर्यंत आणि राष्ट्रपती-पंतप्रधानांच्या परदेश दौऱ्यांपर्यंत सर्व प्रकारची वाहतूक या विमानांनी केली. मुंबईच्या कलिना येथील हँगरमध्ये त्यांची देखभाल करताना तंत्रज्ञांच्या किमान दोन पिढ्या घडल्या.

2007 पासून एअर इंडियाकडे बोईंग 777-300 ईआर येऊ लागले, तेथेच जंबोचे भवितव्य ठरले. चार इंजिनांचे 747-400 तासाला साधारण दहा टन इंधन जाळते. जवळपास तितकेच प्रवासी नेणारे दोन इंजिनांचे 777 सात-आठ टनांत भागवते. पंधरा तासांच्या प्रवासात हा फरक तीस टनांहून अधिक होतो. शिवाय चार इंजिने म्हणजे चारांची दुरुस्ती. दर सहा ते दहा वर्षांनी विमान अक्षरशः सांगाड्यापर्यंत उघडून तपासावे लागते. ‘डी-चेक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या तपासणीत विमान अनेक आठवडे हँगरमध्ये अडकून पडते आणि हजारो मनुष्यतास खर्ची पडतात. जुन्या विमानाच्या बाबतीत या एका तपासणीचा खर्च खुद्द विमानाच्या बाजारभावाहून अधिक होऊ शकतो. त्यामुळे पुढची ‘डी-चेक’ तोंडावर आली की निवृत्तीचा निर्णय होतो, असा जगभराचा प्रघात आहे.

कोविडने उरलेसुरले काम केले. एअर इंडियाच्या 747 ने अखेरचे व्यावसायिक उड्डाण मार्च 2021 मध्ये केले. खजुराहो, अजंठा, आग्रा व वेल्हा गोवा ही उरलेली चार विमाने मुंबईत उभी राहिली. समुद्रालगतच्या दमट हवेत त्यांनी तीन पावसाळे काढले. अखेर ती एअरसेल या अमेरिकी कंपनीस विकण्यात आली. 22 एप्रिल 2024 रोजी सकाळी 1996 साली ताफ्यात आलेले ‘आग्रा’ अमेरिकेच्या दिशेने निघाले. धावपट्टी सोडताच वैमानिकाने विमानाचे पंख डावी-उजवीकडे हलवून मुंबईचा निरोप घेतला. त्या क्षणाची चित्रफीत देशभर पाहिली गेली आणि हळहळ व्यक्त झाली. त्या भावनेत एक गोष्ट झाकली गेली : अठ्ठावीस वर्षे भारतात सांभाळलेल्या या विमानातून अखेरचे मूल्य काढण्याचे काम, त्यातील रोजगार आणि उत्पन्न, हे सारे सातासमुद्रापार गेले.

ते मूल्य थोडेथोडके नसते. 747 मध्ये सुमारे साठ लाख भाग असतात, त्यांतील निम्मे रिबिटे, स्क्रू व बोल्ट. मोडणीच्या जागी विमान आल्यावर सर्वप्रथम इंजिने उतरविली जातात. जुन्या विमानाच्या किमतीचा मोठा वाटा तीच असतात. कधी कधी तर विमान विकत घेण्याचे एकमेव कारण म्हणजे इंजिनांत शिल्लक राहिलेली आवर्तने. त्यानंतर उतरण्याची चाके व त्यांची यंत्रणा, शेपटीतील सहायक विद्युतनिर्मिती यंत्र, वैमानिक कक्षातील संगणक, पंखांच्या हालत्या झडपा, स्वयंपाकघरे आणि आसने यांचा क्रम लागतो. तपासून, प्रमाणित करून हे भाग त्याच जातीच्या उडत्या विमानांत बसविले जातात. उरलेल्या सांगाड्याचे ॲल्युमिनियम भंगारात जाते.

अमेरिकेतील व्हिक्टरव्हिल व मराना, स्पेनमधील तेरुएल किंवा ऑस्ट्रेलियातील ॲलिस स्प्रिंग्ज येथे शेकडो विमाने उभी दिसतात, त्याचेही कारण याच भागांत आहे. वाळवंटाच्या कोरड्या हवेत गंज चढत नाही आणि कठीण जमिनीवर विमाने उभी करण्यासाठी स्वतंत्र फरशी करावी लागत नाही. इंजिनांची तोंडे झाकून, आत ओलावा शोषणाऱ्या पिशव्या ठेवून, चाके ठरावीक काळाने फिरवून ती जपली जातात. मुंबई किंवा कोलकात्याच्या हवेत हेच काम अनेक पटींनी अवघड होते.

किती भाग पुन्हा वापरता येतो, याचा पद्धतशीर अभ्यास एअरबसने 2005 ते 2007 या काळात फ्रान्समधील तार्ब येथे केला. त्यासाठी एक ए300, म्हणजे जगातील पहिले दोन इंजिनांचे रुंद बांध्याचे विमान, काळजीपूर्वक उलगडण्यात आले. वजनाच्या सुमारे 85 टक्के भागाचा पुनर्वापर होऊ शकतो, असे त्यातून दिसले. पुढील पिढीत मात्र हे गणित बिघडण्याची चिन्हे आहेत. बोईंग 787 च्या रचनेत वजनाने जवळपास निम्मा वाटा कार्बन तंतूंच्या संमिश्र साहित्याचा आहे. ते ॲल्युमिनियमप्रमाणे वितळवून पुन्हा ओतता येत नाही. एअर इंडियाची पहिली 787 विमाने 2012 मधील आहेत. म्हणजे हा प्रश्न फार दूरचा नाही.

भाग कितीही उत्तम असला, तरी त्याचे कागद नसतील तर तो कवडीमोल ठरतो. इंजिनातील वेगाने फिरणाऱ्या चकत्यांसारख्या भागांना आवर्तनांची पक्की मर्यादा असते. असा भाग कारखान्यातून निघाल्यापासून कोणत्या विमानात किती फिरला, याची अखंड नोंद दाखविल्याशिवाय तो कोणी विकत घेत नाही. कोलकात्याच्या 737 ची गोष्ट या दृष्टीने केवळ मनोरंजक नाही. ज्या विमानाचे अस्तित्वच मालकाच्या दप्तरात राहिले नव्हते, त्याच्या भागांवर विश्वास कोणी ठेवावा?

हा विश्वास प्रवाशांच्या जिवाशी जोडलेला आहे. सप्टेंबर 1989 मध्ये नॉर्वेहून निघालेले पार्टनेअर कंपनीचे विमान समुद्रात कोसळून 55 जण मृत्युमुखी पडले. शेपटीच्या जोडणीत प्रमाणित नसलेले बनावट बोल्ट वापरल्याचे तपासात आढळले. 2023 मध्ये ब्रिटनमधील एओजी टेक्निक्स या पुरवठादाराने सीएफएम56 इंजिनांसाठी खोट्या प्रमाणपत्रांसह सुटे भाग विकल्याचे उघड झाले आणि अनेक देशांतील विमाने तपासणीसाठी जमिनीवर आणावी लागली. म्हणूनच उपयोग संपलेला भाग भंगारात टाकण्यापूर्वी मुद्दाम कापून किंवा ठोकून विद्रूप करण्याची पद्धत आहे. तो पुन्हा चोरवाटेने बाजारात येऊ नये, हा त्यामागील हेतू.

प्रत्येक निवृत्ती मोडणीकडेच जाते असे नाही. प्रवासी विमानातील आसने काढून, जमीन मजबूत करून आणि बाजूस मोठे दार कापून त्याचे मालवाहू रूप करणे ही जुनी रीत आहे. हवेतल्या हवेत लढाऊ विमानांना इंधन पुरविणारे टँकर बनविणे हा आणखी एक मार्ग. यासाठी बंगळुरूच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सने एप्रिल 2022 मध्ये इस्रायल एरोस्पेस इंडस्ट्रीजशी सामंजस्य करार केला. वापरलेली नागरी प्रवासी विमाने भारतातच टँकर व मालवाहू म्हणून रूपांतरित करण्याचा त्यात विचार आहे. दिल्लीत तर इंडियन एअरलाइन्सच्या एका माजी अभियंत्याने भंगारात निघालेले ए300 विकत घेऊन पुन्हा जोडले आणि ज्यांना विमानप्रवास परवडत नाही अशांना न उडणाऱ्या विमानात बसण्याचा अनुभव दिला.

काही वेळा तर एकाचे निवृत्त विमान दुसऱ्यास नवे ठरते. एअर इंडियाने 2007 पासून घेतलेल्या आठ 777-200 एलआर विमानांपैकी पाच काही वर्षांतच अबुधाबीच्या एतिहादला विकली. इंधनाच्या दृष्टीने ती परवडत नव्हती. पुढे अमेरिकेच्या डेल्टा एअरलाइन्सने कोविडकाळात, 2020 मध्ये, आपली सर्व 777 विमाने निवृत्त केली. खासगीकरणानंतर अमेरिकेच्या मार्गांवर विमानांची तीव्र टंचाई भासली, तेव्हा एअर इंडियाने डेल्टाची तीच, म्हणजे स्वतः कधीकाळी विकून टाकलेल्या जातीची पाच विमाने भाड्याने घेतली आणि मुंबई व बंगळुरूहून अमेरिकेस उडवली. निवृत्तीचे वय बाजार ठरवतो, याचा याहून सोपा पुरावा मिळणे कठीण.

सर्वांत वाईट अवस्था त्या विमानांची, ज्यांचा निर्णयच होत नाही. नागपूर विमानतळावर 1991 मध्ये इंजिनातील बिघाडामुळे उतरलेले एक बोईंग 720 विमान 2015 पर्यंत, म्हणजे तब्बल चोवीस वर्षे, तेथेच उभे होते. त्याच शहरात मिहान येथे बोईंगने एअर इंडियासाठी बांधलेले आधुनिक देखभाल केंद्र 2015 मध्येच सुरू व्हावे, हा योगायोग म्हणायचा. जेट एअरवेज एप्रिल 2019 मध्ये बंद पडली, तेव्हा तिची काही 777 विमाने धनको, न्यायाधिकरणे आणि खरेदीदार यांच्या वादात वर्षानुवर्षे जमिनीवर खिळून राहिली. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये कंपनीच अवसायनात काढण्याचा आदेश दिला. उभे असलेले विमान रोज किंमत गमावते, विमानतळाची जागा अडवते आणि भाडेपट्टीवर विमाने देणाऱ्या परदेशी कंपन्यांना सावध करते. त्या सावधपणाची किंमत वाढीव भाड्याच्या रूपाने भारतीय कंपन्या आणि शेवटी प्रवासी मोजतात. भारताने 2008 मध्ये स्वीकारलेल्या केपटाऊन कराराला कायद्याचे पूर्ण बळ देणारा ‘विमान वस्तूंमधील हितसंबंध संरक्षण कायदा’ संसदेने एप्रिल 2025 मध्ये संमत केला, तो याच अनुभवातून. थकबाकीदार कंपनीकडून विमान ठरावीक मुदतीत परत मिळविण्याचा मार्ग त्याने मोकळा केला आहे.

देवनहळ्ळीच्या नव्या केंद्राचे महत्त्व या पार्श्वभूमीवर पाहावे लागते. सिंगापूरच्या एसआयए इंजिनिअरिंग कंपनीच्या सहकार्याने उभारल्या जाणाऱ्या या केंद्राची पायाभरणी सप्टेंबर 2024 मध्ये झाली. रुंद व अरुंद अशा दोन्ही बांध्यांच्या विमानांची जड देखभाल येथे करण्याचे नियोजन आहे. आजवर अशा कामासाठी भारतीय कंपन्यांची विमाने मोठ्या प्रमाणावर सिंगापूर, अबुधाबी किंवा अन्यत्र पाठवावी लागत. ‘डी-चेक’ घरच्या अंगणात आणि कमी खर्चात झाली, तर विमानाच्या निवृत्तीचा हिशेबही बदलतो. पाच-सात वर्षे अधिक चालविणे परवडू शकते. विमान मोडून त्याचे भाग प्रमाणित करण्याचा मोठा उद्योग मात्र अद्याप देशात रुजलेला नाही.

त्यासाठी लागणारे हात आधी घडवावे लागतील. केंद्राच्या शेजारीच एअर इंडियाने देखभाल अभियंत्यांसाठी प्रशिक्षण संस्था हाती घेतली आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा परवाना मिळविण्यासाठी विद्यार्थ्याने पुस्तकी अभ्यासासोबत प्रत्यक्ष विमानावर काम केल्याची नोंद असावी लागते. सेवेतील विमान शिकाऊ हातांत देता येत नाही. बोल्ट चुकीचा आवळला गेला, तर त्याचा भुर्दंड उड्डाणास बसतो. निवृत्त विमानावर मात्र पत्रा उचकटून आतील फासळ्या दाखविता येतात, इंजिन उतरवून पुन्हा चढविता येते, गंज कोठे लपतो ते बोटाने चाचपता येते. रस्त्याने बंगळुरूला आणलेल्या त्या त्रेचाळीस वर्षांच्या 737 कडे आता तेवढेच काम आहे आणि त्या कामाला आवर्तनांची कोणतीही मर्यादा नाही.